देवापुढचे बेल्ट

२९ सप्टें., सोम.
व्हाइटफील्डच्या बांधकामाच्या साइटवर दिवसभर घसा फोडून आत्ता घरी. सेफ्टी ऑफिसर म्हणजे नुसती ओरडणारी बाई. गड्यांच्या कमरेला सेफ्टी बेल्ट असतो, हूक लोंबकळत. परांची बांधणाऱ्या टोळीचा मुकादम शिवप्पाअण्णा, कलबुर्गीकडचा, तो एकटा हूक लावल्याशिवाय पाऊल टाकत नाही. बाकीच्यांना बेल्ट बायकी वाटतो, मेल्यांना! म्हटलं, परवा आयुधपूजा आहे, थाप्या-ड्रिलबरोबर बेल्टही मांडूया. देवाचा म्हणून तरी मान ठेवतील. अण्णा खूश. "सरी अक्का," बरं म्हणाला आणि स्वतःच बेल्ट घासायला बसला.

१ ऑक्टो., बुध. आयुधपूजा
सकाळी पूजा झक्क झाली. बेल्टांवर हळदकुंकू, झेंडू. गेटवर कोहळा फोडला. आज हत्यारांना विश्रांती, काम बंद, म्हणून मी जेवायला के. आर. पुरमला घरी आले. तिकडे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांना, मालक यायच्या आत, दर्शनी परांचीवर झेंडूची माळ हवी झाली. अण्णा चढला. बेल्टशिवाय. दुसऱ्या मजल्यावरून खाली. वाळूचा ढीग होता म्हणून...
पुरे.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
हॉस्पिटल. मणक्याला मार. डावा पाय हलत नाही. डॉ. म्हणतात, थांबून बघू. त्याची बायको गंगव्वा उशाशी बसून होती, मला बघून उठून उभी राहिली. मी रागातच अण्णाला विचारलं, बाकीच्यांचं सोडा, तुम्हीसुद्धा बेल्ट नाही?
"पूजेतला कसा उचलायचा अक्का? तुम्हीच देवापुढं ठेवलेला."
आवाजात आरोप नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. खरंच की. खंडेनवमीला आई आम्हाला शिलाई मशीनला बोट लावू द्यायची नाही. बेळगावात लहानाची मोठी झाले आणि मला हे सुचू नये? मान ठेवा म्हटलं, त्यानं ठेवला.

४ ऑक्टो., शनि.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सोमवारी अपघाताची चौकशी. मी एवढंच सांगायचं म्हणे, की बेल्ट साइटवर होते, त्यानं घातला नाही. यात खोटं काय आहे, असंही वर. माळेचं नाव काढायचं नाही. म्हणजे चूक अण्णाची, भरपाई लटकली, आणि पाय असा. मी "बघते" म्हणून बाहेर आले. बघते काय, डोंबल! तिथंच का नाही बोलले?

५ ऑक्टो., रवि.
पाय अजून तसाच. अण्णाला सगळं सांगितलं. पूजेत बेल्ट मांडायची कल्पना माझी, माळेचा हुकूम साहेबांचा, उद्या दोन्ही सांगणार म्हटलं. त्यानं हात उचलून मला थांबवलं.
"नको अक्का. तुमची नोकरी जाईल. शिवप्पा विसरला म्हणून सांगा."
गंगव्वानं तोंड फिरवलं. आणि मला क्षणभर हायसं वाटलं. लिहायलाही लाज वाटते.
येताना साइटवरून त्याचा बेल्ट घेऊन आले. दोनदा धुतला. कुंकू पट्ट्यात मुरलंय, निघत नाही. बाल्कनीत वाळत घातलाय. उद्या चौकशीत तसाच टेबलावर ठेवणार आहे. ठेवेन नक्की. त्यानंतर तोंड उघडलं पाहिजे माझं.