परमुलखातल्या पोरांचं पाणी

१२ एप्रिल १९७३
पहाटे मोटेच्या चाकाची करकर ऐकू आली. पाटलांच्या मळ्यात बाप मोट हाकायचा, मी धावेवर बसून ऐकायचो. जागा झालो तर काहीच नाही. ती विहीर केव्हाच आटली. सूनबाई शांता घागर घेऊन निघालेली. सातवा महिना. गावच्या आडावर ताटकळायचं, कुणी वरून ओतलं तर भरायचं. छप्पन साली धर्म बदलला. आड बदलला नाही.

१५ एप्रिल
बदनापूरहून बोअरचं मशिन आलं. सोबत योहान, परदेशी, उन्हानं लाल झालेला. त्याच्या संस्थेची अट: बोअर आमच्या बौद्धवस्तीत, पाणी सगळ्या गावानं भरायचं. दौलतराव पाटील तोंड वाकडं करून म्हणाले, "गाव सोडून वस्तीत? सरकारचं आहे का हे?"
योहान म्हणाला, "सरकार न्हाई. लोक."
मराठी इकडंच शिकलाय.

१६ एप्रिल
कोणते लोक, विचारलं. तर म्हणे त्याच्या गावच्या शाळेतली पोरं. शुक्रवारी गोड खात नाहीत, तो पैसा इकडं. आपलं गाव त्यांनी नकाशात शोधलं, सापडलं नाही. तरी पाठवतात. सगळी माणसं भाऊ भाऊ, अशा कविता मी जन्मभर वर्गात चालीवर म्हणून घेतल्या. पाठ न झाल्यास छडी. आणि तिकडं ती पोरं...

१९ एप्रिल
खडक. नुसती करडी धूळ. शांता म्हणाली, "मामाजी, येवढ्या कविता शिकवल्या, एखादी मशिनला म्हणून दावा की."
मनातल्या मनात म्हटली.

२३ एप्रिल
काल संध्याकाळी ओला चिखल वर आला. वस्ती नाचली. आज वरून हुकूम. योहानच्या देशाचं आणि आपलं दिल्लीत बिनसलंय. त्यानं परत जायचं, काम बंद, मशिन जालन्याला जमा.
योहान म्हणाला, "मास्तर, भांडण माझं न्हाई, तुमचं न्हाई. मंग कोणाचं?"
म्हटलं, चहा घे.

२५ एप्रिल
योहान गेला. शांतानं भाकरी बांधून दिली. तिकडची पोरं या शुक्रवारीही गोड सोडतील, त्यांना कोण कळवणार? अर्धवट भोकावर दगड ठेवला.
दुपारी शांता आडावर चक्कर येऊन पडली. आडातही आता गाळच. पोट सांभाळलं म्हणते, पण भिंतीकडं तोंड करून निजलीय. एकही ओळ ओठावर येत नाही.

२६ एप्रिल
मशिन निघायचं होतं. निघालं नाही. वेशीत कुणी बैलगाडी आडवी लावलीय, बैल सोडून. ड्रायव्हर शिव्या देऊन राह्यलाय. वस्तीतलं कुणी नाही, आम्ही सगळे घरात. गाडी दौलतरावांची म्हणतात. बोअर पुरी व्हावी म्हणून, की मशिन स्वतःच्या मळ्यात न्यायला? त्या माणसाचं काही...
कडी वाजली. शांता उठून गेली.
"मामाजी, पाटील आल्ते... न्हाई, दारातच हायेत. एकलेच. जोडे काढून उभे. प्यायला पाणी मागून राह्यले."