उशीर मेंदूला होतो, मला नाही

६ जुलै
ढोलपथकाचा सराव सुरू. बायको, म्हणजे हर्षाली, सगळ्यांच्या समोर ताशावर. मी ढोल घेऊन तिसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत सोमनाथ. निफाडहून बुलेटवर येतो. केस सगळे जागच्या जागी. विसर्जनाच्या मिरवणुकीत त्याच्या जागी मी असणार. संकल्प पक्का.

९ जुलै
पथकप्रमुख मंजुषा म्हणाली, काकांचा ठोका मागे पडतोय. काका म्हणजे मी. सोमनाथ माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान, तो मात्र दादा!

१० जुलै
कारण सापडलं. पॉडकास्टमध्ये ऐकलं. डोळ्याची आणि कानाची खबर मेंदूकडे एकाच वेळी पोचत नाही. तो सगळ्यांची वाट बघतो, जुळवाजुळव करतो आणि मगच आपल्याला 'आत्ता' दाखवतो. म्हणजे आपला आत्ता मुळात शिळाच. माझा मेंदू जुळवाजुळव जास्त कसून करतो, एवढंच. सोमनाथचा मिळेल ते पुढे ढकलत असणार.
हर्षालीला समजावलं. ती म्हणाली, गॅसवर दूध आहे, तिकडे बघा. उतू गेल्यावर कळलं. हाही पुरावाच.

२० जुलै
सोमनाथ वाजवताना सारखा हर्षालीकडे बघतो. आज पूर्ण सराव त्याच्यावर डोळा ठेवला. पापणी लवत नाही मेल्याची. मी जळत वगैरे नाही. निरीक्षण आहे.

२७ जुलै
उपाय: मेंदू उशीर करतो ना, मग ठोका आपणच आधी मारायचा. मारला. नेमका तेव्हाच ताशा थांबला होता. गंगापूर रोडचं सगळं मैदान गप्प आणि माझा एकट्याचा ढोल. सोमनाथ हसला नाही. म्हणाला, होतं असं, काका. हसला असता तर परवडलं असतं.

३ ऑगस्ट
हर्षाली म्हणाली, सोमनाथचा हात छान बसलाय. माझ्या हाताचं काय, विचारलं. म्हणाली, भेंडी चिरायला घ्या.
जेवलो नाही. नंतर थोडा चिवडा खाल्ला.

१० ऑगस्ट
आता सहन होत नाही. मंजुषाकडे तक्रार केली की सोमनाथचं लक्ष ढोलावर नसतं, दुसऱ्याच्या बायकोवर असतं. सरावाचा व्हिडिओ सगळ्यांसमोर लावा म्हटलं. उद्या लावणार. होऊन जाऊ दे दूध का दूध.

११ ऑगस्ट
लावला. सोमनाथ हर्षालीच्या हाताकडेच बघत होता. त्याच्या शेजारचाही. दुसरी रांग, तिसरी रांग, झांजवाल्या पोरीसुद्धा. मंजुषा म्हणाली, ताशाकडे बघूनच ठेका उचलायचा असतो, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी एकटा सोमनाथकडे बघत होतो. त्याचं टिपरू पडलं की मग माझं.
परत येताना हर्षाली गाडीवर मागून म्हणाली, अख्खं पथक माझ्याकडे बघतं, तुम्ही सोडून.
मिरवणुकीत मला ध्वज दिलाय. ताशाच्याही पुढे चालायचं. मागे वळून बघायचं नसतं.