येळवशीला निघालेल्या सायकली

शुक्रवार, संध्याकाळ. जळकोट.

स्वतःचंच हसू येतंय. आम्हा मुलींची माळावरची सायकल राईड ठरवताना मी थंडीचा सगळा विचार केला. धुकं, कानटोप्या, हातमोजे, सूर्य वर आल्यावरच निघणं. कॅलेंडरात रविवार पाहिला, पण अमावस्या पाहिली नाही. येळवस, आमची वेळा अमावस्या! त्या दिवशी गावात राहतं कोण? सगळी घरं शेतात, कडब्याच्या छोट्या झोपडीत, कोपीत, पांडव पुजायला.

आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर तू, आन् येळवस इसरलीस व्हय?"

पुढं ढकलावं, तर मुलींच्या घरच्यांनी आधीच कुरकुरत होकार दिलाय. "लई थंडी हाय, पोरी आजारी पडतील." एकदा मोडलं की पुन्हा कुणी पाठवेल का?

शेवटी आमच्यातल्या सारिकाच्या वडिलांकडं गेले. सगळ्यांत कडक तेच. ते हो म्हणाले की बाकीचे म्हणतातच.

"काका, दिवस माझाच चुकला. पण सायकली शेताशेतानंच नेल्या तर? प्रत्येकीच्या कोपीवर थांबू, पाया पडू, मग माळ चढू."

काका शेकोटीत काटक्या सारत राहिले.

"या की," ते म्हणाले. "पर जेवल्याबिगर एकीलाबी फुडं सोडणार न्हाय. आन् पाया पडताना डोक्यावरलं ते टोपलं काढा."

हेल्मेटला टोपलं! पळतच घरी आले.

येळवशीचा घोळ मिटला. पण प्रत्येक कोपीत डाळी-भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर झाल्यावर त्या चढावर आमच्यातली एक तरी जागी राहील का?