घासलेटचा मक्ता

आगरदांडा, फेब्रुवारी १९३४

प्रिय हिरामण,

आईचा खोकला उतरलाय. तुझ्या भावोजींचे भाजलेले हात अजून पट्ट्यांत बांधलेले आहेत, घास मी भरवते.

नबाबाच्या दरबाराने दिनानाथशेठचा घासलेटचा मक्ता उठवला, त्या दिवशी ते बंदरावरून हसत घरी आले होते. इतकी वर्षं दिनानाथशेठ मागेल तो भाव द्यायचा, नाहीतर अंधारात जेवायचं. आता कुणीही मुंबईहून माल आणून विकावा, असा हुकूम निघाला. भावोजींनी सोनाबाईच्या तुकारामला भागीत घेतलं, मचव्यातून डबे आणले. तू शेठच्या वखारीत कामाला होतास. आपलाच माणूस तिथे आहे, म्हणजे आपल्याला भीती नाही, असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या खेपेला मी धक्क्यावर भाकरी घेऊन गेले होते. शेठची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. त्यांनी मचवा हाकणाऱ्या विठोबा तांडेलाचा जबडा फोडला. तो दात थुंकत पाण्यात पडला. भावोजींना काठ्यांनी गुडघ्यावर आणलं. मग मचव्यावर चढून डबे फोडले. घासलेट फळ्यांवरून वाहत तळात उतरलं, आणि तळात तुकाराम डबे रचत होता. पेटती चूड ज्याच्या हातात होती, त्याला भावोजी म्हणाले, "हिरामण, आत माणूस हाय."

तू ऐकलंस. त्यांच्याकडे बघितलंस, आणि चूड टाकलीस.

तुकाराम वर आला तो डोक्यापासून पेटलेला. भावोजींनी त्याला ओढलं, तर त्याच्या दंडांची कातडी यांच्या हातात आली. सोनाबाईने नवऱ्याला ओळखलं ते पायाच्या बोटांवरून. संध्याकाळी तो गेला.

फौजदाराला भावोजींनी सांगितलं, धुरात कुणी दिसलं नाही. ते माझ्यासाठी, हे मला कळलं. आईने माझा पदर धरला. म्हणाली, "भाऊ हाय तुझा." तुला देवी आल्या तेव्हा कडुलिंबाच्या पाल्याने वारा घालत मीच बसले होते, हिरामण. ते मी विसरले नाही.

काल सोनाबाईच्या ओट्यावर, तिच्यासमोर, मी फौजदाराला सगळं सांगितलं. तुझं नाव, शेठचं नाव, तू पळून जाऊन राहिलास त्या मुंबईतल्या माझगावच्या खोलीचा पत्ता. हे पत्रही त्याच्याच हाती देते आहे. तुला बेड्या घातल्यावर वाचायला देईन, असं त्याने कबूल केलंय. नाव कुणी घेतलं, म्हणून तू भावोजींना शिव्याशाप देशील. त्यांनी नाही घेतलं. मी घेतलं.

तुझीच बहीण,
केसर