पान अकरावरचं ‘अनॉन’

२ मार्च, रविवार
चर्चच्या मासिकासाठी माझं शब्दकोडं देऊन आलो. पान अकरा, गेली नऊ वर्षं. या वेळी डाव्या कोपऱ्यात ‘अनॉन’ बसवलाय. जुना इंग्रजी शब्द. मूळ अर्थ ‘या क्षणी’. पण लोक या क्षणी येतो म्हणायचे आणि तासाभरानं उगवायचे, म्हणून अर्थ घसरत घसरत ‘थोड्या वेळानं’वर आला. आता बोलण्यात कोणी वापरत नाही. कोड्यात मात्र सारखा लागतो, इंग्रजी स्पेलिंगच्या चार अक्षरांत दोन स्वर, कुठंही मावतो. हे सगळं नव्या संपादिका मिसेस पार्जिटर यांना समजावलं. त्या मध्येच पान अकराबद्दल काहीतरी चाचरत सांगू बघत होत्या. म्हटलं, आभार कसले त्यात.

५ मार्च
निश्चय: एप्रिलच्या वार्षिक सभेत कोड्याला पूर्ण पान मागायचं. अर्ध्या पानात जीव गुदमरतो. विनिफ्रेड म्हणाली, अरे सेड्रिक, कोणी सोडवत नाही ते. नऊ वर्षांत एक तरी उत्तर आलं का? नाही आलं, कारण लोक लाजतात. आमच्या गावात ज्याच्या पायावर पाय पडतो तोच आधी सॉरी म्हणतो. पण बायकोला कोण समजावणार.
पन्हळीतली पानं काढायची होती. उद्या.

१० मार्च
मासिक आलं. विनिफ्रेडनं कुणाला तरी वाचायला दिलंसुद्धा. हरकत नाही. छापून आलेलं स्वतःचं कोडं मी बघत नाही. एकदा छपाईची चूक दिसली होती तेव्हा ब्लडप्रेशर वाढलं. तेव्हापासून तत्त्व.

१३ मार्च, दुपार
पोस्टातल्या डॉरीनला सहज विचारलं, कसं वाटलं कोडं? म्हणाली, फारच छान होतं हो या वेळी, मिस्टर लॅम्बोर्न. म्हटलं, डाव्या कोपऱ्यात अडकलीस ना? म्हणाली, अगदी तिथंच. दया आली. उत्तर सांगून टाकलं.

१६ मार्च
आमच्या चर्चचे धर्मगुरू व्हिकरसाहेब डॉरीनच्याही वरचढ. एक सोडून सगळं सुटलं म्हणाले. कुठलं राहिलं? तेच ते, अवघड होतं ते. मीच म्हटलं, अनॉन? त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. घरी येऊन विनिफ्रेडला सांगितलं. ती ओव्हनमध्ये वाकून बघत राहिली, मग म्हणाली, सभेत पूर्ण पान नको रे मागूस. चक्क मत्सर.

८ एप्रिल
या महिन्याच्या कोड्यात लोकाग्रहास्तव पुन्हा ‘अनॉन’ घातला होता. डॉरीन म्हणाली, आता कसं पटकन आलं. गाव तयार होतंय.
पन्हळ: पाऊस थांबला की.

२९ एप्रिल
सभा. उठून उभा राहिलो. लोकांची भूक, भाषेचा वारसा, डॉरीन आणि व्हिकरसाहेबांची साक्ष, सगळं आलं. मिसेस पार्जिटर यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, अहो, मार्चपासून कोडं आपण छापतच नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला. त्या पानावर सेप्टिक टँक उपसणाऱ्यांची जाहिरात आहे.
व्हिकरसाहेब स्वतःचे बूट बघायला लागले. डॉरीनला एकाएकी चहाची किटली आठवली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. घरापर्यंत चालताना फार वाईट वाटलं.

३० एप्रिल
नीट विचार केला. न छापलेलं कोडं लोकांना एवढं आवडतं, तर छापलेलं किती आवडेल?

१० मे
भरपाई म्हणून मिसेस पार्जिटर यांनी मला मासिक घरोघर वाटायचं काम दिलंय. पहिल्याच घरी मिस्टर टॉफ्टनी माझ्यादेखत ते चिखलाच्या बुटांखाली अंथरलं. शेजारच्या घरात हॅमस्टरच्या पिंजऱ्यात गेलं. तिसऱ्या घरी दारातूनच कचऱ्याच्या डब्यात. म्हणजे माझं कोडं कोणी टाळत नव्हतं. मासिकच कोणी उघडत नाही. मनावरचं ओझं उतरलं. घाईघाईनं घरी येऊन विनिफ्रेडला हे सांगितलं.
ती म्हणाली, मी उघडते की. आला अंक की आधी पान अकरा बघते, तुझं कोडं पुन्हा छापायला लागलेत का म्हणून. नसलं की तुझ्या हाती लागायच्या आत शेगडीत घालते.
मग विचारलं, या नऊ वर्षांत एखादं तरी सोडवलंस?
नाही रे, म्हणाली. मला कोडी मुळीच आवडत नाहीत.