हाताला न कळलेला पीळ

१२ जाने., सोम.
कमलाबाईंची म्हैस गेली. सकाळी नऊला. रेडकू पोटातच.

काल दुपारी बोलावणं आलं होतं. सकाळपासून कळा देतेय, पण काही पुढं येत नाही. हात घालून पाहिला. वाट आवळलेली लागली. वाटलं, गर्भाशयाचं तोंड उघडलं नाही अजून. इंजेक्शनं दिली, म्हटलं थांबू. संध्याकाळी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. सलाईन लावून आलो. आज पोचलो तर मान टाकलेली.

बाई एकट्या. नवरा जाऊन सहा वर्षं. दूध या एकाच म्हशीचं. रडल्या नाहीत. उलट मलाच म्हणाल्या, "तुमी काय कराल सायेब. दोन खेपा आले. तिचं तेवढंच व्हतं."

रजिस्टरला नोंद: कष्टप्रसूती. उपचार करूनही मृत. सही.

१४ जाने., बुध.
संक्रांत. दवाखान्यात चार बकऱ्या, एक कुत्रं, बाकी शांत.

अकराच्या सुमारास कमलाबाई आल्या. स्टीलच्या डबीत तिळगूळ. "तुमी त्या दिवशी जेवले बी नाई माया म्हशीपायी," म्हणाल्या. खरंच जेवलो नव्हतो. डबी घेतली. परिचर रामभाऊ समोर उभे होते, त्यांना दिली. ते म्हणाले, "राहू द्या सायेब." टेबलावरच राहिली.

१९ जाने., सोम.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

बुलढाण्याला मीटिंग होती. इकडे माझ्याच हद्दीतल्या एका मळ्यात म्हैस अडली. मी नाही म्हणून लोकांनी शेजारच्या दवाखान्यातल्या नव्या मॅडमना फोन केला. डॉ. अस्मिता. नोकरीला दीड वर्ष, कोल्हापूरकडच्या. मी परत येता येता तिथं पोचलो तर त्यांचा हात आत होता. डोळे मिटलेले. म्हणाल्या, "सर, पीळ आहे. उजवीकडं. बघा ना तुम्ही."

हात घातला. धुणं पिळल्यावर कापडाला पडतात तशा वळ्या. आवळलेली वाट.

हे मला ओळखीचं होतं. आठ दिवसांपूर्वी हेच माझ्या बोटांखाली होतं.

पुढचं सगळं मॅडमनी केलं. म्हैस दोरानं पाडली, उजव्या कुशीवर. पोटावर फळी, फळीवर एक माणूस उभा. पाय धरून म्हैस लोळवली. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा. काही नाही. तिसऱ्या वेळेस आतला पीळ सुटला आणि पाणी आलं. अर्ध्या तासात रेडी. जिवंत, नाक फुरफुरत.

लोकांनी चहा केला. मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, "सरांनीही तपासलं, मग खात्री झाली." माझी लाज राखायला म्हणाल्या. चहा गोड होता एवढंच आठवतं.

२० जाने., मंगळ.
कॉलेजची वही माळ्यावरून काढली. आहे. माझ्याच अक्षरात. गर्भाशयाचा पीळ: लक्षणं, तपासणी, म्हैस कशी लोळवायची. खाली लाल शाईनं दोन रेघा. परीक्षेला येईल म्हणून मारलेल्या.

बावीस वर्षं नोकरी. म्हणजे वाट आवळलेली लागली आणि मी इंजेक्शन देऊन थांबलो, अशा म्हशी आधीही… तीन आठवल्या. चौथी आठवायला लागली तसा उठलो आणि गाडी धुतली.

२४ जाने., शनि.
सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं सगळं. म्हणाली, "अहो, पण तुम्हाला गावात कोणी नाव ठेवत नाही."
"नाव ठेवत नाही म्हणजे चांगला आहे असं नाही ना."
"वाईटही नाही."
हो. तेच तर.

मी कामचुकार नाही. लसीकरण वेळेत, फिरती वेळेत, रजिस्टरं स्वच्छ. कोणाकडून वरचे पैसे नाहीत. इतकी वर्षं मी यालाच चांगला डॉक्टर म्हणत आलो. वडील सगळ्यांना सांगत फिरायचे, "ढोराचा का असंना, डागदर हाय माया पोरगा." त्यांना काय माहीत, वर्गात साठातला मी तिसावा. तिसाव्याचा तिसावाच राहिलो.

मॅडमच्या बोटांना आतलं दिसतं. मला नुसतं ओलं आणि गरम लागतं, बाकी अंदाज.

२९ जाने., गुरु.
वर्षाचा स्वयंमूल्यांकनाचा फॉर्म. 'विशेष उल्लेखनीय कार्य' हा रकाना. दरवर्षी एकच वाक्य लिहितो: 'पशुपालकांना तत्पर सेवा दिली.' मागच्या फॉर्मवरून उतरवायचं. यंदा पेन तिथंच थांबलं. रकाना कोरा सोडून पाठवला.

दुपारी ऑफिसातल्या बाबूंचा फोन. "सायेब, रिकामं चालत नाई. काईतरी टाका."
म्हटलं, निरंक टाका.
"निरंक?"
"हाव, निरंक."
मग म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

४ फेब्रु., बुध.
दवाखाना बंद करताना रामभाऊ कुलूप हातात घेऊन उभेच राहिले. म्हटलं, काय झालं?
"सायेब, राग मानू नका. कमलाबाईच्या म्हशीले बी पीळच व्हता ना?"
"तुम्हाला कसं कळलं?"
"ती सारखी पाय झाडे, अन् पोट घेऊन एका अंगावर बसे. माया बापानं दोन म्हशी लोळवून मोकळ्या केल्या व्हत्या."
"मंग तवाच काऊन नाई बोलले?"
त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं. म्हणाले, "तुमी डॉक्टर. मी कसा सांगू."

म्हणजे त्या गोठ्यात ज्याला माहीत होतं तो बादली धरून उभा होता. माझ्या मानासाठी गप्प. आणि मला मात्र त्यांना विचारायचं एकदाही सुचलं नाही. बावीस वर्षांत एकदाही.

९ फेब्रु., सोम.
मॅडमना फोन केला. दोनदा नंबर काढून ठेवला होता आधी. म्हटलं, तुमच्याबरोबर रविवारी फिरतीला येऊ का, हात बसवायचाय. त्या म्हणाल्या, "सर, मी तुम्हाला काय शिकवणार." मग, "या सर."

१५ फेब्रु., रवि.
मॅडमसोबत पहिला रविवार. मी एकावन्न, त्या सत्तावीस. मी हात घालायचा, काय लागतं ते सांगायचं, मग त्यांनी बघायचं. पाच जनावरांत तीन बरोबर. एका गायीला तीन महिन्यांची गाभण म्हटलं, ती रिकामी निघाली. गायवाला माझ्याकडं बघत होता. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा घाला सर, घाई नाही."

परतताना म्हणाल्या, "तुमचे टाके फार सुबक असतात सर. माझे तसे येत नाहीत." खरं असेल. घरी येईपर्यंत तेच एक वाक्य धरून होतो, याचीही लाज वाटली.

१८ फेब्रु., बुध.
उंद्रीच्या रस्त्यावरच्या एका शेतात म्हैस अडलेली. दहा-बारा माणसं जमलेली. हात घातला. पीळ? नसावा. मग काय? पाय लागले, डोकं सापडेना. आधी रामभाऊंना विचारलं. म्हणाले, "पीळ नाई वाटत सायेब. दुसरंच काई."

हात बाहेर काढला. उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मले समजून नाई राह्यलं. म्याडमले बोलावतो."

मागून एकजण, हळू पण मला ऐकू येईल असा, "मंग याइले काऊन बोलावलं आपन?" हात कोपरापर्यंत भरलेले. तसाच फोन धरला.

मॅडम चाळीस मिनिटांत आल्या. रेडकाची मान मागं वळलेली होती. सरळ केली. दोघं वाचली. मी दोर धरला, पाणी दिलं, शेवटी म्हशीला फाटलेल्या जागी टाके घातले. शेतवाल्यानं मॅडमना बांधापर्यंत सोडलं. मला रामराम केला, जागेवरूनच.

तोंड दिवसभर गरम. पण म्हैस उभी राहिली. मी इंजेक्शन देऊन थांबलो असतो तर नसती राहिली. हे दोन्ही खरं.

२२ फेब्रु., रवि.
मॅडमकडे गेलो नाही. कमलाबाईंकडे गेलो.

अंगणात तूर पाखडत होत्या. बसा म्हणाल्या, बाज पुढं केली. बसलो नाही. घरून जुळवून आणलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "बाई, तुमच्या म्हशीच्या पोटात पीळ पडला होता. मला ओळखता आला नाही. कोणी जाणता असता तर लोळवून सोडवला असता."

सूप थांबलं.
"म्हंजे वाचली असती?"
"बहुतेक."
"बहुतेक, का वाचलीच असती?"
"वाचली असती."

त्या पुन्हा पाखडायला लागल्या. मग मान वर न करता, "आता काऊन सांगून राह्यले?"

त्यांच्यासाठी सांगितलं की माझ्यासाठी, अजूनही ठरवता येत नाही. उभाच होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "जा सायेब." रागानं नाही. रागानं असतं तर बरं झालं असतं.

गोठ्यात एक वगार होती, त्याच म्हशीची आधीची, आता वयात आलेली रेडी. माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

२७ फेब्रु., शुक्र.
रामभाऊ आज सकाळी कमलाबाईंच्या आळीतून आले. म्हणाले, बाईंनी निरोप दिलाय. वगार गाभण राहिली का ते पाहायचं आहे. उद्या आठला.
विचारलं, "कोणाला बोलावलंय? मला की मॅडमला?"
"नाव नाई घेतलं. डॉक्टरले सांगा म्हने, एवढंच."

मॅडमना फोन लावायला घेतला, ठेवला. गाभण तपासणी मला येते. पाचात तीनदा येते.

रामभाऊंना म्हटलं, उद्या तुम्हीही चला. आणि मी चुकतोय असं वाटलं तर तिथंच बोला, बाईंसमोर.
ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.