तिसऱ्या कडव्याआधीची शांतता

७ फेब्रुवारी

चि. मनीस,
अ. उ. आ.

दोन महिने पत्र नाही, याची आधी माफी. फोनवर आपण भांडतो म्हणून पत्रं लिहायची ठरवली, आणि मी पत्रातही गाल फुगवून बसले. तू हॉस्टेलला निघालीस तेव्हा, असला गोंगाट ऐकून एक दिवस कान घालवशील, असं मी दारात उभं राहून म्हणाले. निरोपाच्या वेळी बोलायचं ते हे नव्हे.

आता कबुली. तू विसरलेला हेडफोन आणि तुझा जुना फोन मी कामावर नेला. आवाज किती मोठा ठेवतेस ते मोजायचं होतं. खरं म्हणजे पुरावा गोळा करायचा होता. जेवणाच्या सुट्टीत कान तपासायच्या खोलीत बसले. लहानपणी तू तिला कपाट म्हणायचीस: जाड दार, भिंतींना फोम, काचेपलीकडे माझं मशीन. दार लावलं की स्वतःचा श्वासही दुसऱ्या कुणाचा वाटतो. तिथे तुझ्या त्या बँडवाल्या चौघींचं आठवं गाणं लागलं आणि मोजायचं राहूनच गेलं. पाण्याखाली दिवा लावून कुणीतरी सावकाश घर आवरतंय, असं काहीसं वाटलं. तिसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात आणि निखळ शांतता होते, तिथे तर मी डोळेच मिटले. आता रोज ऐकते. त्यांच्या फोटोतली तुटक्या भुवईची धाकटी माझी लाडकी. तुझे बाबा म्हणतात, घरातली एक गेली तर दुसरी बिघडली.

तुला न विचारता तुझी वही वाचल्यासारखं मात्र वाटतंय. रागावलीस का?

लोभ आहेच, तुझ्याकडूनही आटू देऊ नकोस.

तुझी
आई


१५ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

रागावले होते. दोन दिवस. त्या चौघी माझ्या एकटीच्या होत्या गं, आणि तू थेट लाडकी निवडून मोकळी! तीही धाकटी? ती तर सगळ्यांचीच लाडकी असते. मग खोलीतल्या मैत्रिणीला तुझं पत्र वाचून दाखवलं, तर ती विचारायला लागली, आई बदलून घेतेस का.

पण शांतता कुठली? तिथे घंटी आहे. बारीकशी, तीनदा, तारेवरून दवाचे थेंब निसटावेत तशी. मी ते गाणं त्या घंटीसाठीच लावते. कपाटात बसूनही ती आली नाही म्हणजे हेडफोन बिघडला असणार. एकदा बघ ना.

एप्रिलमध्ये त्या इकडे येताहेत. मी दोन तिकिटं काढतेय. दुसरं कुणाचं ते ओळख. घंटी वाजली की तुझा हात दाबेन.

माया करत राहा, भाषणं कमी कर.

तुझी
मनी


२१ फेब्रुवारी

चि. मनीस,
अ. उ. आ.

हेडफोन ठणठणीत आहे. बाबांच्या कानांना लावला. पेपरातून डोकंही न काढता त्यांनी बरोबर तीनदा बोट वर केलं. मी सात वेळा ऐकलं, दोन्ही कानांनी, मग एकेका कानाने. मला शांतताच ऐकू येते.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत मशीनचा एकेक सूर आपण ऐकायचा आणि वहीत खूण करायची, हा आमचा नियम. आज ती वही मागे मागे चाळली. सगळ्यात वरच्या सुरापुढे रोज माझी खूण आहे. ऐकून केली, की काल वाजला म्हणजे आजही वाजला असणार असं धरून? मनी, मला सांगता येत नाही. अंदाजाने बोट वर करू नका, असं लोकांना मीच दिवसभर बजावते. आणि तुझ्या कानांवरून ओरडणारीही मीच. हस, परवानगी आहे.

बरोबरच्या बाईंना वही दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी लगेच तो सूर ऐकून पाहिला. मशीन नीट आहे, कुणा पेशंटचं वाईट झालं नाही. ते माझं नशीब. सकाळच्या खुणा आता त्या करतील.

घाबरू नकोस. तुझा आवाज, धाकटीचा आवाज, सगळं स्वच्छ येतं. तिकीट मात्र परत करू नकोस. तू हात दाबशील, तेव्हा मला घंटी कळेल. आणि खरं सांगू? ती शांतता मला अजूनही आवडते.

तुझा लोभ असाच हाताशी राहू दे.

तुझी
आई

ता. क. उद्याचं काम: कपाटात, काचेच्या आतल्या बाजूला बसून स्वतःचे कान तपासून घेणे.